पांढऱ्या कळपातले काळे कोकरू

आमच्या सहावीच्या वर्गातला एक मुलगा एके दिवशी एक रंगीत चित्र घेऊन शाळेत आला. चित्रात मुठीत मावेल एवढा एक प्राणी होता. त्याचे नाव शुगर ग्लायडर. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या रानांत तो झाडांवर राहतो, पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवतो, आणि पुढच्या व मागच्या पायांमधली कातडी पसरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. रानात त्याचा रंग करडा असतो व पाठीवर काळा पट्टा असतो. चित्रातले पिल्लू मात्र शुभ्र पांढरे होते आणि डोळे काळेभोर. अमेरिकेत हौशी लोक हे प्राणी घरात पाळतात आणि निरनिराळे रंग मिळावेत म्हणून त्यांच्या जोड्या लावतात.

मुलाने विचारले, "गुरुजी, याचे आईबाप दोघेही करडे आहेत. मग हे पांढरे कसे झाले?"

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, "बाप दुसराच असेल!" सारा वर्ग हसला. आम्ही मुलांना गप्प केले आणि उत्तर उद्यावर ढकलले. प्रशिक्षण महाविद्यालयात मेंडेलचे वाटाणे आम्ही पाठ केले होते आणि परीक्षा झाल्यावर विसरलोही होतो. आपल्याकडे 'खाण तशी माती' म्हणतात. मग करड्या खाणीतून पांढरी माती कशी निघाली?

पुढच्या सुटीत न्यूझीलंडमध्ये पामर्स्टन नॉर्थला पुतण्याकडे जाण्याचा योग आला, आणि विसरलेला धडा तेथे पुन्हा शिकायला मिळाला. हे शहर उत्तर बेटाच्या दक्षिण भागात मानावातू नदीच्या काठी वसले आहे. एका बाजूला सपाट हिरवी कुरणे, दुसऱ्या बाजूला तारारुआ डोंगराची रांग आणि तिच्या माथ्यावर फिरणाऱ्या पवनचक्क्या. वारा असा की टोपी हातातच धरावी लागते. नदीपलीकडे मॅसी विद्यापीठ आहे. १९२८ साली ते शेतकी महाविद्यालय म्हणून उघडले आणि १९६४ साली विद्यापीठ झाले. आपल्याकडे जसा ऊस, तशी तेथे मेंढी. १९८०च्या दशकाच्या आरंभी त्या देशात सात कोटी मेंढ्या होत्या. आज त्या पुष्कळ घटल्या असल्या तरी माणसांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

या महाविद्यालयात आरंभीच्या काळात डॉ. फ्रान्सिस ड्राय नावाचे प्राध्यापक इंग्लंडहून आले. येण्यापूर्वी, १९२४ साली, त्यांनी वेन्सलीडेल जातीच्या मेंढ्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला होता. त्याचा विषय होता, या मेंढ्यांच्या पोटी काळी कोकरे का जन्मतात. आमच्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न तो हाच!

वाचकहो, त्याचे उत्तर सोपे आहे. प्रत्येक प्राण्यात गुण ठरवणारी जनुके जोडीने असतात. जोडीतले एक आईकडून येते, एक बापाकडून. मेंढ्यांत पांढऱ्याचे जनुक जोरकस आणि काळ्याचे दबून राहणारे. जोडीत एक पांढरे व एक काळे असेल तर मेंढी पांढरीच दिसते. तिच्या लोकरीवरून कोणालाही काही कळत नाही, पण ती काळ्याचे जनुक वाहत असते. अशीच मेंढी आणि असाच मेंढा एकत्र आले की दर कोकराला चारात एक एवढा संभव असतो की दोघांकडूनही त्याला काळे जनुकच मिळेल. तेव्हाच ते काळे जन्मते. एकट्या आईकडून ते कधीच होत नाही.

पांढरे जोरकस का, हेही आता ठाऊक झाले आहे. कातडीतल्या पेशींना 'काळा रंग बनवू नका' असा निरोप देणारे एक जनुक असते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली दाखवले की पांढऱ्या मेंढीत या जनुकाची जादा प्रत असते आणि त्यामुळे हा निरोप साऱ्या अंगभर पोहोचतो.

आता थोडे गणित करू. समजा एका मोठ्या कळपात शंभर कोकरांत एकच काळे जन्मते. तर मग ते जनुक लपवून वाहणारी पांढरी कोकरे किती? दोन? चार? उत्तर आहे अठरा. एक दिसते आणि अठरा लपून राहतात. म्हणून धनगराने दर पिढीला काळी कोकरे काढून टाकली तरी काम होत नाही. दहा पिढ्या असे केले तरी चारशे कोकरांत एक काळे निघतच राहते. एखादा पांढरा मेंढा ते जनुक वाहतो की नाही हे पाहायचे असेल तर जुना उपाय म्हणजे त्याला काळ्या मेंढ्यांबरोबर ठेवायचे. वाहत असेल तर अर्धी कोकरे काळी व्हावीत. ओळीने सात कोकरे पांढरी झाली तर शंका जवळजवळ उरत नाही. जनुक लपून राहून असे घडण्याचा संभव १२८ मध्ये एक.

पामर्स्टन नॉर्थला आल्यावर डॉ. ड्राय यांनी रंगाऐवजी लोकरीच्या केसांवर काम केले. तेथील रॉम्नी मेंढ्यांत एखादे कोकरू राठ, केसाळ अंगाचे निघे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो डाग होता. १९३०च्या सुमारास असा एक मेंढा त्यांच्या हाती आला. त्याची संतती पाहता असे दिसले की हा गुण उलट स्वभावाचा आहे. तो एकाच पालकाकडून आला तरी प्रकट होतो. नको असलेली ही मेंढरे त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळली, प्रत्येक कोकराची वंशावळ नोंदली. पुढे १९६०च्या दशकात गालिचे विणणाऱ्यांना नेमकी अशीच राठ लोकर हवी झाली, आणि डाग होता त्याची एक जात झाली. तिला डॉ. ड्राय यांच्या नावावरून ड्रायस्डेल म्हणतात. कृत्रिम धाग्यांचे गालिचे आल्यावर तिचे कळप फार थोडे उरले. डॉ. ड्राय १९७९ साली वारले.

पण हौसेने रंग मागणाऱ्याने दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. मध्य आशियातील काराकुल मेंढीच्या कोकरांच्या कातड्याला, विशेषतः करड्या रंगाला, मोठी किंमत येई. करड्याचे करड्याशी जुळवावे तर चारात एक कोकरू करड्याची दोन जनुके घेऊन येते, आणि चारा खाऊ लागल्यावर पचन बिघडून ते मरते. करड्याची जोडी काळ्याशी लावली तर निम्मी कोकरे करडी होतात, निम्मी काळी, आणि या कारणाने मरत एकही नाही. दोन्हीकडे करडी कोकरे निम्मीच मिळतात. फरक एवढाच की जाणत्याचे कोकरू वाचते.

दुसरा धोका नात्यातल्या जोड्यांचा. दुर्मीळ रंग लवकर पुन्हा मिळावा म्हणून काही हौशी लोक लेकीची जोडी बापाशी लावतात. रंग मिळतो, पण त्याबरोबर घराण्यात लपलेली इतर दुबळी जनुकेही जोडीने वर येतात. म्हणूनच शुगर ग्लायडर पाळणारे जाणते लोक आधी वंशावळ मागतात आणि मग रंग पाहतात. आपल्याला याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. आपल्या मॉरिशसचे गुलाबी कबूतर १९९०च्या सुमारास रानात दहाच्या आसपास उरले होते. आज ते काही शेकड्यांवर गेले आहे. पण इतक्या थोड्या पूर्वजांची प्रजा म्हटल्यावर कोणाची जोडी कोणाशी लागते याची काळजी सांभाळणाऱ्यांना घ्यावी लागली. आपल्या शेजारी सशांच्या आणि लव्हबर्डच्या पिंजऱ्यांतही हाच नियम चालतो.

हे सारे पाहताना आम्हाला आमच्या लहानपणीची एक बाई आठवत राहिली. साखर कारखान्याच्या वस्तीत आमच्यापासून चार घरे सोडून ती राहत असे. तिचे तिसरे मूल पांढऱ्या केसांचे आणि पांढऱ्या कातडीचे जन्मले. उन्हात त्याचे डोळे मिटत. वस्तीतल्या बायका म्हणत, ग्रहणात ही बाहेर पडली असेल. काहीजण याहून वाईट बोलत, आमच्या वर्गातल्या त्या मुलासारखे. सासूने तिच्या हातचे पाणी घेणे सोडले. तिच्या नवऱ्याला कोणी एक शब्दही विचारला नाही. असे रंगहीन मूल बहुतेक वेळा दोन्ही पालकांनी लपलेले जनुक दिल्यामुळेच जन्मते, हे आज ठाऊक आहे. म्हणजे त्या बाईचा जेवढा वाटा होता तेवढाच नवऱ्याचा होता, आणि दोष दोघांचाही नव्हता. मेंढीला काळे कोकरू झाले तर धनगर तिला टोमणे मारत नाही. आम्ही माणसांनी मारले.

आपले वडीलधारे सोयरीक ठरवताना कूळ आणि देवक विचारीत. एकाच देवकात लग्न करीत नसत. पण देवक बापाच्या बाजूनेच चालते, आणि मामाची मुलगी करणेही आपल्यात चालत आले आहे. या बेटावरचा आपला समाज लहान आहे, चार पिढ्यांत घराणी एकमेकांत गुंतली आहेत. तेव्हा लग्नापूर्वी पत्रिकेबरोबर दोन्ही घरांतल्या आजारांची मोकळी चौकशी करावी, गरज वाटल्यास डॉक्टरचा सल्ला घ्यावा. यात लाजण्यासारखे काही नाही. अशी लपलेली जनुके प्रत्येक माणसात थोडीफार असतातच.

सुटीहून परतल्यावर आम्ही वर्गात काळे आणि पांढरे मणी नेले. दोन डब्यांत दोन्ही रंगांचे मणी सारखे घातले, एका डब्यावर 'आई' लिहिले, दुसऱ्यावर 'बाप'. मुलांनी डोळे मिटून दोन्हीतून एकेक मणी काढला. चाळीस वेळा काढल्यावर दोन्ही मणी काळे निघाले ते अकरा वेळा. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला आम्ही फळ्यापाशी बोलावले आणि विचारले, "काय रे, या अकरांत आईचे मणी किती आणि बापाचे किती?"

त्याने मोजले. "दोघांचे सारखेच, गुरुजी," तो म्हणाला.

या वेळी वर्गात कोणी हसले नाही.