बाजारचौक हेही आपलंच अंगण

गडचांदूरच्या कुठल्याही बाईच्या तोंडी गावाबद्दल दोन बोल्या असतात. नागपूरची नाहीतर पुण्याची नणंद चार दिवस राहायला आली आणि “काय हो वहिनी, किती ही धूळ तुमच्याकडे!” असं म्हणाली, की वहिनी लगेच पदर खोचून गावाची बाजू घेतात. “अहो, धूळ काय, काम आहे तिथं धूळ असणारच! तुमच्याकडे अशी ताजी भाजी तरी मिळते का?” आणि तीच वहिनी संध्याकाळी शेजारच्या काकूंजवळ बसली की सुरू होते, “काय मेलं हे गाव! मेन रोडवर पाऊल टाकायची सोय नाही.”

यातली खरी बोली कोणती? माझ्या मते दोन्ही खऱ्या. माहेरच्या घराला नावं आपण ठेवावीत, दुसऱ्यानं नाही, तसलाच हा प्रकार. ज्या गावाचं आपल्याला काही वाटत नाही, त्या गावाबद्दल आपण चिडतही नाही. प्रश्न एवढाच की अभिमान पाहुण्यांपुढे संपतो आणि तक्रार ओट्यावर संपते. या दोन्हींचा गावाला काही उपयोग होत नाही.

मिरवण्यासारखं आहे काय?

पुष्कळ आहे. पहिली गंमत नावाची. चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार, दोन्ही अमरावती जिल्ह्यात. नुसतं ‘चांदूर’ म्हटलं की लोक तिकडचंच गाव समजतात. आमच्या चांदूरच्या मागं ‘गड’ आहे. डोंगरावरचा माणिकगड हा गोंड राजांच्याही आधीचा, माना-नाग राजांचा किल्ला म्हणून सांगतात. पावसाळ्यात अमलनाल्याचं धरण भरलं की तिथं डबे घेऊन जाण्याची हौस इथं लहानथोर सगळ्यांना असते.

इतिहास म्हणावा तर आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राजुरा तालुका तेव्हा आदिलाबादकडे मोडत असे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो नांदेड जिल्ह्यात आला, आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात. तीन जिल्ह्यांचं पाणी प्यायलेला हा मुलूख! म्हणून इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या मराठीत उर्दूचे आणि तेलुगूचे शब्द साखरेसारखे विरघळलेले आहेत.

पण गडचांदूरचं गावपण बदललं ते चुनखडीनं. या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडी आहे आणि वर्धा खोऱ्यात कोळसा आहे. एक टन सिमेंटला साधारण दीड टन चुनखडी लागते. मग कारखाना दगडाजवळच उभा राहणार. ऐंशीच्या दशकात आवारपूरला लार्सन अँड टुब्रोचा आणि गडचांदूरला माणिकगड सिमेंटचा कारखाना आला. पुढं उपरवाहीला अंबुजाचा आला. मालक बदलले. आवारपूर २००४ साली आणि माणिकगड २०१९ साली अल्ट्राटेककडे गेलं. पण कारखान्यांच्या निमित्तानं आलेली माणसं इथलीच झाली. राजस्थानचे, बिहारचे, आंध्रचे, तसेच मराठवाड्यातल्या १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास जिवतीच्या पहाडावर येऊन राहिलेले लोक. आणि मुळातले गोंड, कोलाम तर आहेतच.

हे सगळं एका जागी पाहायचं असेल तर आठवडी बाजारात यावं. भाजीवाली एका गिऱ्हाइकाशी मराठीत, दुसऱ्याशी तेलुगूत आणि तिसऱ्याशी हिंदीत भाव करते, आणि सांबाराची जुडी मात्र तिघांनाही फुकट देते. (सांबार म्हणजे कोथिंबीर हो, पुण्याकडच्या मैत्रिणींनी घोटाळा करू नये!) पावसाळ्यात बांबूचे कोवळे वास्ते, दसऱ्या-दिवाळीला पहाडावरची सीताफळं, उन्हाळ्यात मोहफुलं आणि चारोळी. तालुक्याचं ठिकाण कोरपना. पण लग्नाचा बस्ता, मुलांची पुस्तकं, डॉक्टर, सोनार, मिक्सरची दुरुस्ती, यासाठी आसपासच्या बायका येतात त्या गडचांदूरला. बाजारचौक म्हणजे या अख्ख्या भागाचं अंगणच आहे.

आणि तक्रारी?

आता अंगण म्हटलं की झाडावं लागतं. बायका एकत्र बसल्या की चार गोष्टी ठरलेल्या निघतात.

पहिली धूळ आणि जड वाहनं. राजुरा-गडचांदूर-कोरपना हा आदिलाबादकडे जाणारा रस्ता. त्यावर ट्रक, टिप्पर, कापसाच्या गाड्या, एसटी, ऑटो आणि सायकलवरच्या शाळकरी पोरी, सगळे एकाच वेळी. सकाळी धुतलेला पांढरा शर्ट दोरीवर वाळत घालावा आणि दुपारी राखाडी होऊन घरात आणावा!

दुसरी, चालायला जागा. दुकानाचा माल पायरीवर, पायरीपुढं मोटारसायकल, मोटारसायकलपुढं हातगाडी, आणि हातगाडीपुढं आपण कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन. म्हणजे रस्त्याच्या मध्यावर.

तिसरी, कचरा आणि तुंबलेल्या नाल्या. बाजार उठला की भाजीचा पाला तिथंच, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर गाई.

आणि चौथी गोष्ट, जी चारचौघांत बोलली जात नाही. बाजारात बाईनं जायचं कुठं? हा प्रश्न एकट्या गडचांदूरचा नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही छोट्या शहराच्या बाजारात तो आहे. पुरुषांचं कुठल्याही भिंतीआड भागतं. पहाडावरून पहाटे निघालेली, दुपारच्या गाडीनं परतणारी बाई मात्र सकाळपासून पाणीच पीत नाही. भाजी विकणारी बाई दहा-दहा तास एका जागी बसते. डॉक्टर सांगतात की पाणी न पिणं आणि लघवी तुंबवून धरणं यानं मूत्रमार्गाचा त्रास होतो. गरोदरपणी तर तो अंगाशी येतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हात पाण्यावाचून दिवस काढणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मला वाटतं, कुठल्याही बाजाराची परीक्षा याच एका गोष्टीवर घ्यावी. दिवे किती लागले, स्वागताची कमान केवढी उभारली यावर नाही. जिथं बाई चार तास निर्धास्तपणे राहू शकते, पाणी पिऊ शकते, तो बाजार चांगला. आणि यात व्यापाऱ्यांचंही हित आहे. दिवाळीची खरेदी चंद्रपूरला जाऊन करायची, असं कितीतरी घरांत ठरलेलं असतं. तिथं माल जास्त असतो हे खरंच. पण तिथं बाई निवांत फिरू शकते, हेही कारण आहेच. जी बाई घाईनं घरी पळते ती एकाच दुकानात जाते. जी थांबते ती चार दुकानं पाहते.

पेपरातलं पत्र

मी शाळेत काही तास मराठी शिकवते. मराठीच्या पेपरात पत्रलेखन असतं. ‘तुमच्या परिसरात कचरा साचला आहे. संबंधित अधिकाऱ्यांना तक्रारपत्र लिहा.’ मुलं काय सुरेख पत्रं लिहितात! प्रति, मा. मुख्याधिकारी, विषय, महोदय, दोन परिच्छेद, आपला विश्वासू. दिनांक विसरला की अर्धा गुण कापायचा. एकदा एका मुलीनं वर्गात विचारलं, “बाई, हे पत्र खरंच पाठवलं तर?”

पोरीचा प्रश्न साधा, पण मला पुरून उरला. आपण सगळ्याजणी शाळेत हेच पत्र लिहून पास झालो. ते लिहिता येतं आपल्याला. पण खऱ्या गावाच्या खऱ्या नालीसाठी ते लिहायची वेळ आली की आपण म्हणतो, “आपल्याला काय त्यातलं कळतं! हे बघतील.” आणि ‘हे’ ड्यूटीवर असतात.

दहा-बारा वर्षांपूर्वी गावाची ग्रामपंचायत जाऊन नगर परिषद झाली. महाराष्ट्रात २०११ च्या कायद्यानं अशा संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. राज्यातल्या नगर परिषदांच्या निवडणुका २०२५ च्या डिसेंबरात झाल्या. म्हणजे आपल्या वॉर्डाची नगरसेविका ही बहुधा आपल्यासारखीच, सकाळचा डबा करून घराबाहेर पडणारी बाई असते. तिच्याकडे हळदीकुंकवाला जाता, तर अर्ज घेऊन जायला कसली भीती?

बायकांनी मागितलं तर ऐकतं कोण, असं म्हणू नका. आपल्याच जिल्ह्यातल्या हजारो बायका २०१० च्या डिसेंबरात दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरला विधानसभेवर पायी चालत गेल्या होत्या. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात बंदी लागू झाली. २०२१ साली ती उठवली गेली, आणि बंदी बरी की वाईट हा वाद वेगळा. पण सरकारला दखल घ्यावी लागली, हे तर झालं ना? मुंबईत २०११ साली बायकांच्या संघटनांनी ‘राइट टू पी’ या नावानं चळवळच सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा कुठला न्याय, असं त्यांनी उघडपणे विचारलं. त्यांनी लाज बाजूला ठेवली म्हणून हा विषय वर्तमानपत्रांत आला.

अर्ज करायचा तर असा

स्वयंपाकात जसं साहित्य आधी मांडून घेतो, तसं इथंही.

१) आधी तक्रार कुणाकडे, ते ठरवा. गावातल्या नाल्या, कचरा, दिवे, बाजाराची जागा आणि प्रसाधनगृह हे नगर परिषदेचं काम. मोठ्या रस्त्याची दुरुस्ती रस्ते विभागाची. वाहतूक पोलिसांची. हवेतली धूळ आणि धूर यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. त्यांचं कार्यालय चंद्रपूरला आहे. चुकीच्या दारात उभं राहिलं की “हे आमच्याकडे येत नाही” एवढंच ऐकून परतावं लागतं.

२) एका अर्जात एकच गोष्ट मागा. ‘गावाचा विकास करा’ असं लिहिलं तर कुणाला काहीच करावं लागत नाही. ‘आठवडी बाजारात बायकांसाठी पाण्याची सोय असलेलं, आतून कडी लागणारं, दिवा असलेलं प्रसाधनगृह हवं आणि ते रोज साफ व्हावं’ असं लिहिलं तर उत्तर द्यावं लागतं.

३) अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्यायची, दुसरीवर पोचल्याचा शिक्का आणि तारीख घ्यायची. ती प्रत रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवा.

४) सह्या गोळा करा, आणि त्यात भाजीवाल्या बायकांच्या सह्या किंवा अंगठे आधी. बाजारात सगळ्यात जास्त वेळ त्या असतात.

५) महिन्यात उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे. २००५ च्या कायद्यानं दहा रुपये शुल्क भरून ‘आमच्या अर्जाचं काय झालं?’ असं विचारता येतं आणि तीस दिवसांत माहिती द्यावी लागते.

भाजीवालीला हाकलून नव्हे

एक गोष्ट मात्र सांभाळायला हवी. रस्ता मोकळा करा म्हटलं की पहिला दंडुका पडतो तो टोपली घेऊन बसलेल्या म्हातारीवर. दुकानाबाहेर आलेली शेड तशीच राहते. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा सांगतो की नोटीस दिल्याशिवाय कुणाला उठवायचं नाही, आणि जागा ठरवणाऱ्या समितीत निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांचे हवेत, त्यांतल्या एक-तृतीयांश बायका. तेव्हा आपल्या अर्जात ‘यांना हटवा’ असं न लिहिता ‘यांना आखून जागा द्या’ असं लिहूया. दोन पिवळे पट्टे मारले तर म्हातारीही बसेल आणि आपणही चालू.

काही कामं तर अर्जाशिवाय होतात. ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा, हा नियम २०१६ पासून आहे. पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. जुन्या लुगड्याच्या, चादरीच्या दोन पिशव्या शिवून स्कूटरच्या डिकीत टाकल्या की झालं. आणि स्कूटर दुकानाच्या पायरीशी न लावता थोडी लांब लावली तर पन्नास पावलं चालण्यानं कुणाचं काही बिघडत नाही. उलट डॉक्टर तेच सांगतात!

मैत्रिणींनो, गाव मोठं व्हायला कारखाने लागतात, रस्ते लागतात, कबूल. पण गाव चांगलं व्हायला त्यात राहणारी माणसं थोडी हट्टी असावी लागतात. तुमचं गाव गडचांदूर असो, वरोरा असो की वडसा. भिशीच्या पुढच्या बैठकीत पोहे आणि चहा झाल्यावर एक कोरा कागद काढा. बाजारात आपल्याला सगळ्यांत जास्त काय नडतं, ते एकच ठरवा आणि लिहा. दिनांक घालायला मात्र विसरू नका.