गोठविलेला देह पुन्हा जागा होईल?

वाशीम, प्रतिनिधी : जिल्ह्यातील पशुपालकांना द्रवरूप नत्रवायूचे पात्र अपरिचित नाही. कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या वीर्यकांड्या त्यातूनच काढल्या जातात. उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या वीर्यापासून कित्येक वर्षांनंतरही वासरू जन्माला येते. मग अखंड माणूस का नाही, या प्रश्नावरच परदेशात ‘क्रायोनिक्स’चा व्यवहार उभा राहिला आहे.

१२ जानेवारी १९६७ रोजी अमेरिकेतील मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेडफोर्ड यांचा देह या आशेने प्रथम गोठविण्यात आला. तो आज ॲरिझोनातील ‘अल्कोर’ संस्थेत आहे. तेथे संपूर्ण देहासाठी दोन लाख डॉलरहून अधिक मोजावे लागतात. केवळ मस्तक जतन करण्याचीही सोय आहे!

खरी अडचण बर्फाची आहे. पाणी गोठताना त्याचे स्फटिक पेशींना इजा करतात. म्हणून रक्ताच्या जागी गोठणरोधक द्रावण भरून शरीरातील पाणी काचेप्रमाणे घट्ट करण्याचा प्रयत्न होतो. सुट्या पेशीत हे द्रावण सहज भिनते. मेंदूत ते सर्वत्र सारखे पोहोचत नाही, शिवाय स्वतःही विषारी ठरते. कोलकात्यात १९७८ मध्ये डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी गोठविलेल्या भ्रूणातून मूल जन्मास आणले, पण तो भ्रूण अवघ्या काही पेशींचा होता. अमेरिकी संशोधकांनी १०० दिवसांपर्यंत गोठविलेली उंदरांची मूत्रपिंडे यशस्वीरीत्या प्रत्यारोपित केली, ती २०२३ मध्ये. अखंड सस्तन प्राणी मात्र त्या थंडीतून जिवंत परतलेला नाही.

भारतात गाजले ते पंजाबमधील नूरमहलचे प्रकरण. आशुतोष महाराज यांना २९ जानेवारी २०१४ रोजी डॉक्टरांनी मृत घोषित केले. ते समाधीत असल्याचे सांगून अनुयायांनी देह शीतपेटीत ठेवला. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी अंत्यसंस्काराचा आदेश दिला. २०१७ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला. हा श्रद्धेचा विषय होता, क्रायोनिक्सचा नव्हे. साध्या शीतपेटीत देहाचे कुजणे लांबते, इतकेच.

वाशीमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शरीररचना शिकण्यासाठी विद्यार्थ्यांना मृतदेह लागतात आणि १९४९च्या कायद्यानुसार देहदान करता येते. तो देह गोठवीत नाहीत, फॉर्मॅलिनयुक्त द्रावणाने टिकवितात. इच्छापत्र भरले तरी देह सोपवायचा असतो नातेवाइकांनीच. त्यामुळे घरच्यांना आधी विश्वासात घेतलेले बरे.