वेताळ परत आला, पण कोणता?

क्रांती चौकाला प्रतिक्रियांचे वावडे कधीच नव्हते. १८५७ च्या उठावात सामील झालेल्या सैनिकांना जेथे मृत्युदंड देण्यात आला, त्या काळ्या चबुतऱ्याची आठवण हा चौक आपल्या नावात बाळगून आहे. छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे जुन्या औरंगाबादचे, मोर्चे येथूनच निघतात, निषेधाच्या घोषणा येथेच होतात आणि क्रिकेटचा मोठा सामना जिंकल्यावर गुलालही येथेच उधळला जातो. एखाद्या चित्रकथेच्या नायकाचा पोशाख बदलला म्हणून या चौकात कोणी धरणे धरल्याचे मात्र ऐकिवात नाही. तरीही येथून पैठण गेटकडे आणि पुढे औरंगपुऱ्यातील पुस्तकांच्या दुकानांकडे शाळकरी वयात सायकल दामटणारी जी पिढी आज पन्नाशी-साठीत आहे, तिच्यासमोर वेताळाचा विषय काढून पाहावा. वेताळ नव्या रूपात परत आला, असे म्हणताच चेहऱ्यावर आनंद आणि कपाळावर आठी एकाच वेळी उमटते.

हा अनुभव केवळ या शहराचा नाही. जुना नायक नव्याने बाजारात आला की जगभरातील चाहते असेच वागतात. प्रकाशकांना या रागाची सवय झालेली असते. किंबहुना तो त्यांनी हिशेबात धरलेला असतो. परंतु मराठी वाचकाच्या रागाची जात थोडी वेगळी आहे आणि ती समजून घ्यायची तर साठ वर्षे मागे जावे लागते.

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही मालिका सुरू केली. किंमत साठ पैसे. ली फॉक या अमेरिकी लेखकाचा ‘फँटम’ हा तिचा पहिला नायक. मूळ चित्रपट्टी १७ फेब्रुवारी १९३६ पासून अमेरिकी वृत्तपत्रांत छापली जात होती. भारतात ती पुस्तकरूपाने आली आणि इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतही आली. पुढे मासिकाचे पाक्षिक झाले, पाक्षिकाचे साप्ताहिक झाले. फॉकचाच जादूगार मँड्रेक सोबतीला आला. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी भगवा कुर्ता आणि जीन्स घालणारा, डाकूंशी लढणारा देशी ‘बहादूर’ आणला. गोविंद ब्राह्मणिया यांची मुखपृष्ठे आजही जुने वाचक दुरून ओळखतात. आठशेच्या घरात अंक निघाल्यानंतर १९९० मध्ये ही मालिका बंद पडली.

मराठवाड्यातल्या मुलापर्यंत हे सारे सहजासहजी पोहोचत नसे. त्या काळी मुंबईहून रेल्वेने औरंगाबादला यायचे तर मनमाडला मोठी गाडी सोडून मीटरगेजची धरावी लागे. विकत घेतलेला अंक एकाचा राहत नसे. तो वर्गातून, गल्लीतून, भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून फिरत राही आणि शेवटी मुखपृष्ठ गमावून रद्दीत जाई. अशा फिरत्या अंकातून जे वाचले, त्यालाच या पिढीने ‘मूळ’ मानले. नव्या आवृत्तीबद्दलच्या तक्रारींचे बीज येथे आहे.

त्यातही नाव. फँटमचे मराठीत ‘वेताळ’ झाले, ही भाषांतराच्या इतिहासातील एक नामी घटना म्हणावी लागेल. इंग्रजी शब्दाचा अर्थ भूत, छाया, भास असा काहीसा निसटता. मराठीत त्या जागी एक जिवंत देवता येऊन बसली. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार. रात्री तो गावाच्या शिवेवरून फेरी घालतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला चामड्याच्या नव्या वहाणा वाहण्याची प्रथा आहे. फॉकच्या नायकाची ओळख ‘चालणारे भूत’ अशीच आहे, आणि तोही जंगलाच्या हद्दीचा राखणदारच. अमेरिकेत बसून फॉकने जे रचले आणि कोकणातील गावकऱ्यांनी जे पिढ्यान्‌पिढ्या मानले, ते एका शब्दात असे जुळून गेले. पुण्याच्या मुलाला वेताळ टेकडी ठाऊक होती. ‘चांदोबा’ वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला विक्रमाच्या खांद्यावरच्या प्रेतातून बोलणारा वेताळ ठाऊक होता. चित्रकार शंकर यांचे ते चित्र विसरणे अवघडच. त्यामुळे मराठी मुलाच्या मनात हा मुखवटेधारी पुरुष परदेशी पाहुणा म्हणून आलाच नाही. तो नात्यातला वाटला.

आता नव्या आवृत्त्यांकडे वळू. एखादी मालिका बंद पडते आणि पुन्हा पहिल्या क्रमांकापासून सुरू होते, यामागे बहुधा कलेपेक्षा करारमदार अधिक असतात. फँटमचे हक्क अमेरिकेतील किंग फीचर्स सिंडिकेटकडे आहेत. प्रकाशकाला ते ठरावीक मुदतीसाठी मिळतात. मुदत संपली वा विक्री घटली की हक्क दुसऱ्याकडे जातात आणि नवा प्रकाशक साहजिकच ‘अंक पहिला’ छापतो. सहाशेव्या अंकाला हात घालायला नवा वाचक बिचकतो. पहिला अंक मात्र तो सहज उचलतो, आणि संग्राहक तर दोन प्रती घेतात. भारतात इंद्रजालनंतर डायमंड कॉमिक्सने हा नायक उचलला आणि लहान आकाराच्या जाडसर डायजेस्टमध्ये छापला. इंद्रजालच्या सुट्या, पातळ अंकांवर वाढलेल्यांना तो आकारच परका वाटला. २०२० नंतरच्या वर्षांत रीगल पब्लिशर्सने त्याच्या कथा इंग्रजीत पुन्हा आणल्या.

परदेशात तर नायकालाच नव्याने घडवण्याचे प्रयोग झाले. अमेरिकेतील डायनामाइट या प्रकाशनाने २०१० मध्ये ‘द लास्ट फँटम’ काढले. त्यात किट वॉकरने पूर्वजांचा वारसा नाकारलेला आहे. कुटुंबाची हत्या झाल्यावर तो त्या वारशाकडे वळतो, तेही ओळखीच्या पोशाखाविना, जवळजवळ उघड्या अंगाने. जुने चाहते खवळले. कथा आजच्या काळातील, चित्रे नेटकी. पण सर्वाधिक चर्चा झाली ती पोशाखाचीच. चड्डी-पट्ट्यावरून इतका गहजब हास्यास्पद वाटेल, पण हा आजार मोठ्या घराण्यांनाही चुकलेला नाही. डीसी कॉमिक्सने सप्टेंबर २०११ मध्ये आपल्या साऱ्या मालिका थांबवून ५२ नव्या मालिका पहिल्या अंकापासून सुरू केल्या. सुपरमॅनची लाल चड्डी गेली, लोइसशी झालेले लग्नही पुसले गेले. २०१६ मध्ये विवाहित सुपरमॅन परत आणावा लागला आणि २०१८ मध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या हजाराव्या अंकात चड्डीही परतली. अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला वाचकांच्या हट्टापुढे असे नमावे लागते.

पोशाखाचा हा हट्ट बालिश नाही. चित्रकथेत नायकाचा चेहरा चित्रकारागणिक बदलतो. रे मूरचा फँटम वेगळा, साय बॅरीचा वेगळा. ओळख टिकते ती आकृतीवर: मुखवटा, अंगासरशी पोशाख, कवटीची अंगठी. रंग तर देशोदेशी निराळेच होते. अमेरिकेतील रविवारच्या पानांत १९३९ पासून तो जांभळा. स्वीडनमध्ये निळा, इटलीत लाल. प्रत्येक देशातील वाचकाला आपलाच रंग खरा वाटतो. तेव्हा पोशाख बदलला की वाचकाला कपडा बदलल्यासारखे वाटत नाही, माणूसच बदलल्यासारखे वाटते.

मराठी वाचकाला मात्र पोशाखापेक्षा भाषा अधिक खुपते. तो नवा इंग्रजी अंक उघडतो, कागद गुळगुळीत असतो, छपाई देखणी असते, आणि पहिल्याच पानावर त्याला वेताळ सापडत नाही, सापडतो फँटम. इंद्रजालमधले डेंकाली जाऊन तेथे बंगाला आलेले असते. ज्या शब्दांतून ते जंगल त्याने प्रथम पाहिले, ते शब्दच पुसले गेलेले असतात. मुंबईत किंवा पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेल्याने कदाचित तेव्हाही इंग्रजी अंकच वाचले असतील. औरंगाबाद, जालना, बीड येथील मराठी शाळेतल्या मुलासाठी मराठी वेताळ हाच एकमेव वेताळ होता. त्यामुळे एकाच पुनर्मुद्रणाने एका वाचकाला बालपण परत मिळते आणि दुसऱ्याच्या हाती त्याचे भाषांतर पडते.

या तक्रारीला दुसरी बाजू आहे आणि चाहत्यांनी तीही ऐकली पाहिजे. ज्याला ते मूळ म्हणतात, ते इंद्रजाल स्वतःच एक नवी मांडणी होती. वृत्तपत्रातील पट्ट्या कापून, चौकटी गाळून, पानांच्या मापात बसवून ते अंक तयार होत. डेंकाली हा शब्दही फॉकचा नव्हे. फॉकच्या आरंभीच्या कथांतील देशाचे नाव बंगालशी मिळतेजुळते होते, चाच्यांची टोळी ‘सिंग’ होती, फँटमच्या बापाचा मारेकरी ‘रामा’ होता. ही नावे भारतीय वाचकाला रुचणार नाहीत हे ओळखून सिंगचे ‘सिंगा’ झाले, रामाचा ‘रामालू’ झाला आणि देशाचे डेंकाली झाले. फॉकने स्वतःही काही कमी बदल केले नाहीत. आशियात सुरू झालेला त्याचा देश त्याने पुढे आफ्रिकेत हलवला, तेथे डॉ. लुआगा हा लोकनियुक्त अध्यक्ष बसवला, १९७७ मध्ये नायकाचे डायनाशी लग्न लावले आणि १९७९ मध्ये त्याला जुळी मुले दिली. चाळीस वर्षे ब्रह्मचारी असलेला नायक संसारी झाला तेव्हाही नाराज होणारे वाचक असतीलच.

काही बदल तर अटळ होते. जंगलातील काळ्या माणसांवर पिढ्यान्‌पिढ्या अधिकार गाजवणारा, त्यांनी देव मानलेला गोरा पुरुष ही मूळ कल्पना आज जशीच्या तशी छापणे कोणत्याही विचारी प्रकाशकाला जड जाईल. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातील मुलांना ते तेव्हा खटकले नाही, याचे श्रेय की दोष बऱ्याच अंशी मराठी नावालाच द्यावा लागेल. वेताळ म्हटल्यावर त्याचा गोरेपणा नजरेआड झाला. नवी इंग्रजी आवृत्ती वाचताना तोच चाहता थबकतो. त्यात केवळ इंग्रजीचा परकेपणा नसतो, लहानपणी न दिसलेले काहीतरी आता दिसते, हेही असते.

या साऱ्यात एक गमतीचा योगायोग आहे. नायक बदलला तरी बाहेर कळू नये, हीच तर वेताळाची मूळ कथा. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागलेल्या पहिल्या पुरुषाने कवटीवर हात ठेवून शपथ घेतली. त्याच्यामागे मुलगा, मग नातू. ज्याच्या कथा आपण वाचतो तो एकविसावा. जंगलाला वाटते, चारशे वर्षे एकच अमर पुरुष फिरतो आहे. बाप मरतो, मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि गावकऱ्यांना सुगावा लागत नाही. प्रकाशकांनी हा धडा नीट गिरवला असता, तर निम्मे वाद टळले असते.

ऑस्ट्रेलियात ते घडलेही आहे. तेथे फ्रू पब्लिकेशन्स १९४८ पासून फँटमचे अंक अखंड काढत आली. स्वीडनमध्ये ‘फँटोमेन’ १९५० पासून चालू आहे. तेथेही चाहते नव्या चित्रकारावर नाक मुरडतात, पत्रे लिहितात, जुन्या कथा पुन्हा छापा म्हणतात. पण बापाच्या कपाटातल्या गठ्ठ्यावर मुलाचा अंक ठेवता येतो आणि भांडण घरातल्या घरात होते. मराठीत १९९० पाशी साखळी तुटली. त्या वर्षी आठ वर्षांचा असलेला मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला आहे. त्याच्या घरात स्पायडरमॅन आहे, जपानी नारुतो आहे, आणि ते त्याच्या मुलांनी स्वतः निवडले आहेत. नवा वेताळ तो विकत घेतो तो स्वतःसाठी. मुलगी अंक हातात घेऊन विचारते, याला वेताळ का म्हणतात, यावर तर फँटम लिहिले आहे. तिला उत्तर द्यायचे तर आधी कोकणातल्या त्या झिजलेल्या वहाणांपासून सांगावे लागते.