ऑर्किडच्या मुळांना हवा हवी

घरात ठेवलेले फॅलेनॉप्सिस ऑर्किड पहिला बहर ओसरल्यावर मलूल होते. पाने सुरकुततात, पिवळी पडतात. मग पाणी कमी पडले असे समजून ते आणखी घातले जाते. बिघाड बहुधा मुळांत असतो. कुजलेली मुळे पाणी शोषत नाहीत, म्हणून ओल्या कुंडीतही पाने तहानलेली राहतात.

आग्नेय आशियाच्या जंगलात हे रोप मातीत नव्हे, झाडांवर वाढते. कोकणात झाडांच्या खोडांवर फुलणारी सीतेची वेणी याच कुळातली. ती धुवाधार पावसात भिजते, पण पाऊस थांबला की वाऱ्याने तिची मुळे लवकर सुकतात. या मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. ते भिजले की मूळ हिरवे दिसते, सुकले की रुपेरी. पाणी कधी घालायचे, हे या रंगावरून कळते. पेण तालुक्यातील गडबसारख्या गावी पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की शेवाळ दाबून भरलेली प्लास्टिकची कुंडी दिवसेंदिवस वाळत नाही. हवेविना मुळे गुदमरतात आणि बुरशीला फावते.

आजारी रोप कुंडीतून काढून मुळे धुवावीत. टणक मुळे ठेवावीत. तपकिरी, पोकळ, दाबल्यावर बुळबुळीत लागणारी मुळे ज्योतीवर तापवून थंड केलेल्या पात्याने कापावीत. नंतर बाजूला भोके असलेल्या मातीच्या कुंडीत नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि विटांचे खडे भरून रोप सैलसर लावावे. सोडणात क्षार असतात, म्हणून ते आधी काही दिवस पाणी बदलत भिजवावे. खारेपाटातले, म्हणजे खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातले, मचूळ पाणीही या मुळांना सोसत नाही; साठवलेले पावसाचे पाणी उत्तम. पानांच्या बेचक्यात साचलेले पाणी टिपून घेणे फार महत्त्वाचे. या रोपाला वाढीचा शेंडा एकच असतो. तो कुजला की रोप सहसा हातचे जाते; क्वचित बुंध्याशी पिल्लू फुटते.

कुंडी पूर्वेच्या खिडकीशी, कडक ऊन टाळून ठेवावी. नवी मुळे दिसेपर्यंत खत देऊ नये. सुरकुतलेली जुनी पाने पूर्ववत होतीलच असे नाही. सुधारणा नव्या पानावरून ओळखावी. त्याला कित्येक महिने लागतात.

फुलांचा दांडा येण्यासाठी काही आठवडे तापमान साधारण २६ अंश सेल्सिअसच्या खाली राहावे लागते. किनारपट्टीवर अशी संधी मुख्यतः हिवाळ्यातच मिळते. मुळे पुरेशी वाढण्याआधी दांडा आलाच, तर तो कापून टाकावा.