शेळी, पिल्ले आणि रांगणारे लेकरू

आपल्या वस्तीत बहुतेक घरांना एक खोली आणि पुढे अंगणाचा हातभर तुकडा असतो. त्यातच शेळी बांधलेली, खुराड्यात कोंबडी, आणि शेजारी रांगणारे लेकरू. शेळी-कोंबडी ठेवू नका असे आम्ही म्हणणार नाही. अडीअडचणीला शेळीच विकली जाते, आणि अंडे आधी लेकराच्या ताटात पडावे हे बरेच. पण पिल्ले ज्या हलगर्जीने मरतात, तीच लेकरालाही आजारी पाडते.

कोंबडी २१ दिवस अंडी उबवते, मग पिल्लांना पंखाखाली घेते. विकत आणलेल्या पिल्लांना ही ऊब आपण द्यायची. पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. थर्मामीटर लागत नाही. पिल्ले बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते. लांब जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त झाली. वीज गेली म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून तिथेच झोपणे मात्र जिवावर बेतते. तो विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, माणूस झोपेतच जातो.

खरा घात करते ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. हिरवट हगवण लागते, मान वाकडी होते आणि बघता बघता खुराडे रिकामे होते. रोग आल्यावर औषध नाही. पिल्लू ५ ते ७ दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा एक थेंब, आणि दीड-दोन महिन्यांचे झाल्यावर पुढची लस, एवढाच उपाय. पण लसीची कुपी बहुधा १०० किंवा जास्त पक्ष्यांची असते, बर्फात ठेवून आणावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. सात पिल्लांसाठी ती कोण आणणार? म्हणून कुणीच आणत नाही. आमचे मत असे, की गल्लीतल्या घरांनी खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात बसवाव्यात आणि कुपीचे पैसे वाटून घ्यावेत. बचत गटाच्या बैठकीत हे पाच मिनिटांत ठरू शकते.

कोंबड्या एकदम मरू लागल्या तर खाऊ नका, विकू नका, नाल्यात टाकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तो देशातला पहिला.

करडाचे पहिले तास महत्त्वाचे. जन्मल्यावर अर्ध्या-एक तासात त्याला चीक मिळालाच पाहिजे. वार पडेपर्यंत चीक पाजू नये, ही समजूत करडांना मारते. करडू दोन किलोचे असेल तर दिवसभरात पावशेर चीक, तीन-चार वेळा विभागून. नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे. मोठ्या शेळ्यांना पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस द्यावी. पीपीआरची लसही विसरू नये. ती एकदा दिली की साधारण तीन वर्षे पुरते.

शेळी गाभडली तर सावध व्हा. त्यामागे ब्रुसेला हा जंतू असू शकतो, आणि तो माणसालाही लागतो. वार किंवा मेलेले करडू उघड्या हाताने उचलू नका. हातमोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या चढवा. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांपुढे टाकू नका. गरोदर बाईने शेळीच्या बाळंतपणाला हात लावू नये. दूध उकळल्याशिवाय कुणी पिऊ नये. शेळीचे कच्चे दूध औषधी म्हणून लेकराला पाजतात, ते थांबवा. येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, सांधेदुखी असे आठवडे चालले तर डॉक्टरांना घरी शेळी आहे हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असे नाही, आणि टायफॉइड-मलेरियाच्या गोळ्यांवर पैसे जात राहतात.

राहिले रांगणारे लेकरू. ते जमिनीवर हात टेकते, हात तोंडात घालते, आणि जमिनीवर कोंबडीची शीट असते. त्यातून हगवण लागते, आणि हगवण वारंवार लागली की खाल्लेले अंगी लागत नाही. रात्री कोंबड्या झोपायच्या खोलीत डालू नका. बाहेर फळ्या ठोकून, जमिनीपासून वर खुराडे करा. लेकरासाठी एक जुनी सतरंजी वेगळी ठेवा, कोंबडी तिच्यावर चढू देऊ नका, आणि आठवड्यातून दोनदा धुऊन उन्हात टाका. लेकराला भरवण्याआधी साबणाने हात धुवा, त्याचेही आणि आपलेही.