गरोदरपणातील मधुमेह आणि घरातला खेळ

राजूर परिसरात पावसाची झड लागली की वाटा निसरड्या होतात. अशा दिवसांत डॉक्टरांनी गरोदर स्त्रीला 'रोज अर्धा तास चाला' असे सांगितले, तर तिने चालावे कोठे? गरोदरपणात मधुमेह आढळला असेल, तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो.

वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो आणि काही स्त्रियांच्या रक्तातील साखर वाढते. बहुधा कोणताच त्रास जाणवत नाही, म्हणून तपासणी हवीच. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक भरल्यास मधुमेह समजतात. त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ही तपासणी करावी. दुर्लक्ष झाल्यास बाळ प्रमाणाबाहेर वाढून प्रसूती अडू शकते.

उपचाराचा पाया म्हणजे आहार व व्यायाम. हालचाल करणारे स्नायू रक्तातील साखर वापरतात. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने २००६ साली 'वी' हे यंत्र आणले. त्यात पडद्यावरचा खेळ अंगाच्या हालचालींनी खेळायचा असतो. घरबसल्या व्यायाम व्हावा, म्हणून गरोदर मधुमेही स्त्रियांसाठी अशा खेळांचा विचार पुढे आला.

यंत्र नसले तरी बिघडत नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे पडवीत येरझारा घालाव्यात, गाण्याच्या तालावर जागच्या जागी पावले टाकावीत, बसून हात वर-खाली करावेत. उड्या, गिरक्या आणि तोल जाईल असे खेळ टाळावेत.

मात्र भातलावणीत दिवसभर वाकून राबणाऱ्या स्त्रीला आणखी व्यायाम नको, विसावा हवा. पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९०च्या दशकात झालेल्या अभ्यासात, अति कष्टाची कामे करणाऱ्या मातांची बाळे लहान आढळली होती.

व्यायाम डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा. रक्तस्राव, पोटदुखी किंवा चक्कर आल्यास लगेच थांबून दवाखाना गाठावा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी साखर जवळ ठेवावी. दोन आठवडे पथ्य व व्यायाम करूनही जेवणानंतर दोन तासांनी साखर १२०च्या खाली येत नसेल, तर औषध किंवा इन्शुलिन घेण्यास कचरू नये.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. कारण अशा स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा धोका अधिक असतो. बाळाच्या लसीकरणाला जाताना आईने स्वतःचीही चौकशी करून घ्यावी.