आर नदीचे खोरे

आर नदीचे खोरे हे पश्चिम जर्मनीतील, बहुतांशी ऱ्हाइनलांड-फाल्ट्स राज्यात मोडणारे ग्रामीण खोरे असून द्राक्षमळे व पदभ्रमणाच्या वाटांसाठी प्रसिद्ध आहे. ऱ्हाइनची ही उपनदी ब्लांकेनहाइम येथे एका जुन्या घराच्या तळघरात उगम पावते. उगमाला असे छप्पर क्वचितच लाभते.

येथील प्रमुख पायवाट 'रोटवाइनवांडरवेग' (तांबड्या वाइनची वाट) होय. बाड बोडेनडॉर्फ ते आल्टेनआर अशी सुमारे ३५ किमीची ही वाट नदीकाठ सोडून उतारावरील मळ्यांमधून जाते. उतारांवरील पाटीचा दगड दिवसभर तापतो आणि रात्री ऊब सोडतो. त्यामुळे इतक्या उत्तरेसही काळी द्राक्षे पिकतात. वाटेखाली तटबंदी व चार वेशी राखून असलेले आरवायलर गाव दिसते. जवळच, कधीच गाडी न धावलेल्या रेल्वे बोगद्यांत शीतयुद्धकाळी पश्चिम जर्मन सरकारसाठी खोदलेले गुप्त आश्रयस्थान आहे. त्याच्या काही भागात २००८ पासून संग्रहालय आहे. आल्टेनआरच्या माथ्यावर आरे किल्ल्याचे भग्नावशेष आहेत.

१४ जुलै २०२१ च्या रात्री आलेल्या महापुरात खोऱ्यातील १३० हून अधिक माणसे दगावली. दरी अरुंद, उतार तीव्र. वाहून आलेली झाडे पुलांच्या कमानींत अडकून पाणी तुंबले व गावांत शिरले. पूल, घरे व लोहमार्ग उद्ध्वस्त झाले. उंचावरील पायवाट मात्र बहुतांशी बचावली. १८०४ व १९१० मध्येही येथे असेच प्राणघातक पूर आले होते.